पोकोनोजच्या घरातला थर्मोस्टॅट: अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांनी यंदा पेनसिल्व्हेनियात, पोकोनोजच्या डोंगरांत, सुट्टीचं घर घेतलं. प्रत्येकाने विचारलं, फोनवरून चालणारा, घराची हीट सांभाळणारा थर्मोस्टॅट कुठला लावलात? आमचे ऑक्टोबरात बसवले आणि आता एप्रिल आलाय, तेव्हा सगळं एकदाच लिहिते.

आधी भिंतीत काय आहे ते बघा, कंपनीचं नाव नंतर. तिकडच्या कित्येक जुन्या घरांत इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेले लांबट हीटर, असतात. ते २४० व्होल्टवर चालतात आणि हीटरचा सगळा करंट थर्मोस्टॅटमधूनच जातो. नेस्ट, इकोबी हे नेहमीचे स्मार्ट थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या वायरिंगसाठी आहेत, बेसबोर्डच्या तारांना ते थेट जोडायचे नाहीत. ओळखणं सोपं आहे: जुन्या थर्मोस्टॅटच्या मागे बारीक रंगीत तारा असतील तर २४ व्होल्ट, जाड तारा आणि त्यांवर पिळून बसवलेल्या टोप्या असतील तर २४०.

बेसबोर्डसाठी आम्ही मायसा आणि सिनोपे या दोन कॅनेडियन कंपन्यांचे थर्मोस्टॅट पाहिले आणि मायसा घेतला. त्याला भिंतीतल्या डब्यात चार तारा लागतात, दोन ब्रेकरकडून येणाऱ्या आणि दोन हीटरकडे जाणाऱ्या. आमच्याकडे त्या होत्या. प्रत्येक खोलीला वेगळा थर्मोस्टॅट लागतो आणि एकेक शंभर डॉलरच्या वर जातो, त्यामुळे खर्च बराच होतो.

वॉटचा हिशेब मात्र टाळू नका. बेसबोर्ड साधारण फुटाला २५० वॉट घेतो. आमच्या हॉलमध्ये एक ८ फुटी आणि एक ६ फुटी हीटर एकाच थर्मोस्टॅटवर आहेत, म्हणजे २००० अधिक १५००, एकूण ३५०० वॉट. मायसाची मर्यादा ३८०० आहे, म्हणून बसलं. बसवायला इलेक्ट्रिशियन बोलावला आणि तुम्हीही बोलवा असंच सांगेन. २४० व्होल्टच्या दोन्ही तारांत करंट असतो. त्याने ब्रेकर पाडल्यावरही प्रत्येक तार टेस्टरने तपासली, मगच हात लावला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातलं किंवा सत्तरच्या सुरुवातीचं घर असेल तर वायरिंग ॲल्युमिनियमचं नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्या.

आता वापर. आठवड्याचं वेळापत्रक, ज्याच्या नावाने हे थर्मोस्टॅट विकले जातात, ते आम्हाला जवळजवळ लागत नाही. कुठल्या शुक्रवारी जाणार हे गुरुवारी रात्री ठरतं. वेळापत्रकात एकच नोंद ठेवली आहे: रविवारी संध्याकाळी सगळ्या खोल्या ५५ अंश फॅरनहाइटवर. निघायच्या घाईत कुणी हॉलचा हीटर तसाच सोडला, तरी आठवडाभर बिल वाढत नाही. ५५ हा आकडा अमेरिकन रेड क्रॉसच्या सल्ल्यातला आहे; घर सोडताना हीट त्याखाली नेऊ नका असं ते सांगतात. घराच्या विम्याची पॉलिसीही वाचा. घर तापतं ठेवलं नसेल आणि पाणी बंद करून नळही रिकामे केले नसतील, तर गोठून फुटलेल्या पाइपची नुकसानभरपाई बऱ्याच पॉलिसींत मिळत नाही.

घर गरम करायला फोनवरून सुरुवात करतो ती दुपारी बाराला, पोचतो रात्री आठला. हवेचं तापमान त्याच्या बरंच आधी ६८ अंश दिसतं, पण गादी, फरशी आणि कपाटातली ताटं तोवर गारच असतात. लहान मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर आणखी लवकर सुरू करा.

मला सर्वांत उपयोगी वाटला तो प्रत्येक खोलीचा तापमानाचा आलेख. जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्रींत सगळ्या खोल्या ५५ वर सरळ रेषेत होत्या. उत्तरेकडच्या बाथरूमची रेषा मात्र ५१ पर्यंत उतरली. हीटर पूर्ण चालू असूनही खोली तापत नव्हती. पुढच्या खेपेला बेसिनखालचं कपाट उघडलं, तर पाइप भिंतीत शिरतो तिथे बोटभर फट होती आणि तिच्यातून वारा येत होता. ती फोमने बुजवली, आता कपाटाची दारं उघडी ठेवून निघतो. जुन्या गोल चकतीच्या थर्मोस्टॅटवर हे कधी कळलं नसतं.

कमतरता एक आहे आणि ती मोठी आहे. वीज गेली की राउटर बंद, मग ॲपवर फक्त ‘ऑफलाइन’ दिसतं. फक्त इंटरनेट गेलंय का घराची वीजच गेलीय, हे एडिसनमध्ये बसून कळत नाही. नुसतं इंटरनेट गेलं असेल तर थर्मोस्टॅट आपल्या जागी काम करत राहतो. वीजच गेली तर हीटही गेली. म्हणून मोबाइल नेटवर्कवर आणि बॅटरीवर चालणारा तापमानाचा अलार्म वेगळा लावला आहे. शिवाय निघताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो आणि नळ उघडून पाइपमधलं पाणी सोडून देतो. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं, नवा राउटर घेताना तेवढं तपासा.

तुमच्याकडे प्रोपेनची फर्नेस, म्हणजे गॅसवर हवा तापवून सगळ्या घरात सोडणारी भट्टी, असेल तर यातलं वायरिंग तुम्हाला लागू नाही. नेस्ट किंवा इकोबी घ्या, एकच पुरेल. फक्त सी-वायर, म्हणजे थर्मोस्टॅटला सतत वीज देणारी तार, आहे का ते आधी पाहा. आणि ‘कुणी घरात नाही’ असं स्वतः ओळखून तापमान बदलणारी सेटिंग बंद ठेवा, किंवा तिचा आकडा ५५ वर बांधून टाका.