सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: घेताना काय बघाल, खेळताना कुठे अडाल

सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल खेळायचे पत्ते, रंगवणारे चित्रकार काम करताना दिसतात आणि त्यांनी केलेला माल तिथेच विकत मिळतो. बहुतेक पर्यटक फ्रेम केलेली दोन-चार पानं किंवा चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या घेऊन निघतात. पैसे जमत असतील तर पूर्ण संच घ्या, आणि घेतलात तर खेळा. फ्रेमसाठी सगळ्यांना राजेच हवे असतात. अंकांची पानं (अंक दाखवायला तितकीच चिन्हं काढलेली) कोणी मागितलीच नाहीत तर ती रंगवण्याचा हात सुटत जाणार. गोल चकतीत सात मासे एकमेकांना न भिडता बसवायचे आणि तरी नजर पडताच सातच मोजले जावेत, हे राजा रंगवण्याइतकंच अवघड आहे.

दशावतारी संचात 120 पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग (बदाम-इस्पिकासारखे पत्त्यांचे गट), प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मोगल धाटणीचा संच 96 पानांचा, आठ रंगांचा. नवग्रह, राशी आणि चक्क 52 पानांचा गोल कॅटही सावंतवाडीत होतो. तरी पहिली पसंती दशावतारीलाच द्यावी. ज्या मुलखात जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक उभं राहतं, तिथे मत्स्य-कूर्म कोण हे पोरांनाही शिकवावं लागत नाही. चित्रकाराचं अर्धं काम गावानेच करून ठेवलेलं असतं. नववा अवतार मात्र बघून घ्या. महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रांत बुद्धाच्या जागी पुष्कळदा विठ्ठल दिसतो, ओडिशाच्या गंजपात, म्हणजे तिथल्या गंजिफात, जगन्नाथ.

1970च्या दशकात ही कला विझत आली होती. तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, इतरांना शिकवली आणि राजवाड्यातच कार्यशाळा सुरू केली. पूर्वी कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, त्यावर खडूचा हात देऊन घोटत, गोल कापून रंगवत आणि वरून लाख चढवत. आता बहुधा तयार पुठ्ठा आणि पोस्टर रंग वापरतात.

संच हातात आला की आधी पाठी तपासा. एखाद्या पानाच्या पाठीवर ठिपका किंवा वेगळी छटा असेल तर ते पान खेळात ओळखू येतं, मग चित्र कितीही सुंदर असो. नंतर सात, आठ आणि नऊची पानं मोजा. हाताने रंगवताना चूक इथेच होते. राजा बहुधा सिंहासनावर, परिवारासह. प्रधान घोड्यावर किंवा कमी लवाजम्यासह. हा फरक दिव्याच्या उजेडात हातभर अंतरावरून कळला पाहिजे. शेवटी पान काचेवर ठेवून दाबा. डुगडुगलं तर लाखेचा थर दोन्ही बाजूंना सारखा बसलेला नाही. पावसाळ्यात ते आणखी वाकेल.

पेटीबरोबर नियमांचा कागद मिळतो का ते विचारा. नसेल तर सुरुवातीला एवढं पुरे. तिघांत प्रत्येकी 40 पानं. ही पानं पिसता येत नाहीत. पांढरी चादर अंथरून पालथी पसरायची आणि दोन्ही हातांनी कालवायची. हुकूम नसतो. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतारी (पहिली चाल) करतो, रात्री कृष्णाचा राजा असलेला. उतारीला राजाबरोबर त्याच रंगाचं एक हलकं पान टाकतात, बाकीचे दोन-दोन पानं देतात. पुढच्या नियमांत घराघरांत फरक आहेत, ते आधी ठरवून घ्या.

नवा भिडू हमखास अडतो तो पानांच्या उतरंडीवर. मत्स्य ते वामन या पाच रंगांत राजा, प्रधान, मग दहा, नऊ असं एकपर्यंत उतरायचं. परशुराम ते कल्की या पाचांत उलटं: राजा, प्रधान, मग एक, दोन, आणि सगळ्यात हलका दहा. रामाचा दहा भारी समजून सांभाळून ठेवणारे आणि एक्का फुकट घालवणारे पहिल्या बाजीला ठरलेलेच. उलट्या रंगांची नावं चिठ्ठीवर लिहून समोर ठेवावीत, लाज कसली!

निगा राखताना सॅनिटायझर किंवा स्पिरिट पानाला लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि पान पांढुरकं, चिकट होतं. मऊ सुका कपडा पुरे. उन्हात उभ्या गाडीत पेटी राहिली तर लाख मऊ पडून पानं एकमेकांना चिकटतात. ती ओढून सुटी केलीत तर रंग निघून येतो. आधी सावलीत गार होऊ द्यावीत. कोकणातल्या पावसात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि महिन्यातून एकदा ती बदला. वाटताना पान फेकू नका, चादरीवरून सरकवा. टवके आधी कडेचे उडतात.

एखादं पान हरवलं तर संच बाद समजू नका. जिथून घेतला तिथे तेवढंच पान रंगवून मिळेल का ते विचारा. नमुन्याला त्याच रंगाचं दुसरं पान पाठवा, फोटो नको; पाठीची छटा फोटोवरून जुळत नाही.