‘50% + 20% सूट’, वर जीएसटी: 10,000 च्या कपड्यांवर 1,200 ची टोपी

सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाची फसगत होऊ नये म्हणून लिहितोय. दिवाळीचा सेल, पाच कुर्ते, प्रत्येकी एमआरपी 2,000. बोर्डावर ‘50% + 20% सूट’. दुकानातला माणूस म्हणाला, ‘सत्तर टक्के ऑफ.’ म्हणजे 3,000 व्हायला हवे. बिल झालं 4,200.

50 आणि 20 ची बेरीज कधीच होत नाही. दुसरी सूट उरलेल्या 5,000 वर लागते, म्हणजे 1,000. एकूण सूट 60%. ‘सत्तर टक्के’ ही झाली तोंडी थाप, बोर्डावर तसं लिहिलेलं नसतं, म्हणून ती सिद्ध करता येत नाही.

खरा संताप आहे तो पुढच्या 200 रुपयांचा. बिलावर सूट वजा झाल्याच्या खालीच छापलं होतं: सीजीएसटी 2.5% 100, एसजीएसटी 2.5% 100. तिथेच बोट ठेवायला हवं होतं! पण मागे रांग, क्यूआर समोर धरलेला, बिल हातात येतं ते पैसे गेल्यावर. एमआरपी सगळे कर धरूनच असते, सूट दिल्यावरही. 4,000 मध्ये कर आधीच आहे: 4,000 × 5 ÷ 105 = 190.48. तो दुकानदाराने त्यातूनच भरायचा. सवलतीच्या किमतीवर वेगळा कर लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 सालीच सांगितलंय.

आणि सूट म्हणजे तोटा नव्हे. समजा खरेदी 500 ची, एमआरपी 2,000, म्हणजे 300% चढवलेला भाव. 800 ला विकून, कर भरूनही जवळपास 262 सुटतात.

एमआरपीवर दुसरं स्टिकर दिसलं तर नखाने उचकटून बघा. भाव वाढवायला स्टिकर चालत नाही. कमी करायला चालतं, पण जुना भाव झाकायचा नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. एका कार्यालयात ‘हा जीएसटीचा विषय’, दुसरीकडे ‘हा ग्राहकाचा विषय’, तिसरीकडे ‘दोनशे रुपयांसाठी आलात?’ दोनशे माझे. दिवसाला शंभर बिलं फाडली तर वीस हजार कुणाचे? 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, दुकानाकडून उत्तर नाही, म्हणून ‘ग्राहक आयोगात जा’.

22 सप्टेंबर 2025 पासून कपड्यांवर नगाला 2,500 पर्यंत 5%, वर 18%. दर विक्रीच्या किमतीवर ठरतो. एमआरपी 4,000 चा शर्ट 2,000 ला मिळाला तर 18% लावू देऊ नका. बिलावर ‘कंपोझिशन’ (छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटी योजना) लिहिलं असेल तर ग्राहकाकडून कर घेताच येत नाही. हॉटेलचं मेन्यूकार्ड म्हणजे एमआरपी नव्हे, तिथे वेगळा जीएसटी लागतो, उगाच भांडू नका.

बिल आणि टॅग दोन्हींचे फोटो ठेवा, थर्मल कागद पुसट होतो. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं.