मुंबई दर्शनची खासगी गाडी: नियोजन झकास, जेवण सुमार

सोलापूरहून सासूबाई आणि पोरांना घेऊन गेलो होतो. २०२६ ची २६ जानेवारी सोमवारी, म्हणजे घारापुरीची लेणी तशीही बंदच. गाडीवाल्या दादांनी फोनवरच बजावलं, ती रविवारी उरका, गेटवेहून सकाळची लाँच पकडा. पायऱ्या पुष्कळ आहेत, आजींना डोली लागली तर भाव ठरवूनच बसा. सोमवारी म्युझियमचा नाद सोडून बाणगंगा, मरीन ड्राइव्ह, चौपाटी. राणीबागेचं गणितही तोंडपाठ: एरवी बुधवारी बंद, पण बुधवारी सरकारी सुट्टी आली की उघडी आणि गुरुवारी बंद! दुपारी नेलेलं हॉटेल मात्र महागडं, पावभाजी चक्क गोड. पोरांनी खाल्ली म्हणा. चार स्टार.