विंडो की स्प्लिट? घरात दम्याचं माणूस असेल तर

टन, स्टार आणि विजेचं बिल यांचा हिशोब तुम्ही केलाच असेल. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. घरात धुळीची अ‍ॅलर्जी असलेलं मूल किंवा दम्याचं माणूस असेल, तर मुंबईच्या फ्लॅटमध्ये कोणता एसी बरा? आमच्याकडे आईच्या खोलीत बरीच वर्षं विंडो होता, आता स्प्लिट आहे.

एसी म्हटलं की काही जणांना लिजिओनेअर्सचा न्यूमोनिया आठवतो. 1976 साली फिलाडेल्फियात त्याची मोठी साथ आली होती. पण त्याचा संबंध जोडला जातो तो मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमधल्या पाण्याशी. घरच्या विंडो किंवा स्प्लिटला असा टॉवर नसतो.

घरात खरा त्रास बुरशीचा. थंड कॉइलवर पाणी सुटतं, फिल्टरच्या जाळीतून निसटलेली बारीक धूळ त्यावर चिकटते आणि एसी बंद केला की आतली ओल तशीच राहते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा एसी लावल्यावर जो कुबट वास येतो, तो याचाच. जाळी केस आणि धागे अडवते, बुरशीचे बीजकण नाही. इथवर दोन्ही सारखेच.

साफसफाईत मात्र विंडो सरस, हे मान्य करायला हवं. मशीन बाहेर ओढायचं, गच्चीवर न्यायचं, पाण्याने धुवायचं. स्प्लिटचा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, हे आत दडलेलं लांबट नळकांडं. खालच्या फटीतून टॉर्च मारली तर त्याच्या पात्यांवरचा काळा थर दिसतो, आणि नुसती जाळी धुऊन तो जात नाही.

तरीही आम्ही विंडो काढला, तो कबुतरांमुळे. विंडोचा मागचा भाग म्हणजे त्यांच्यासाठी आयता ओटा. वर घरटं, खाली विष्ठेचा थर, आणि ते सगळं आईच्या उशीपासून हातभर अंतरावर. ग्रिल आणि मशीन यांच्यामध्ये हात जात नाही, म्हणून साफ करता येत नाही. कडेच्या फटी प्लायवूड आणि फोमने बुजवल्या, तरी पिसांचा भुगा आत यायचाच. ताज्या हवेची झडप उघडली, तर हवा नेमकी त्या घरट्याजवळूनच आत ओढली जायची. कबुतरांच्या विष्ठेतल्या आणि पिसांमधल्या प्रथिनांमुळे काही लोकांच्या फुप्फुसाला सूज येते, ज्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. संपर्क चालूच राहिला तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, त्या वादाच्या मुळाशी आरोग्याची हीच काळजी होती.

स्प्लिटच्या आउटडोअरवरही कबुतरं बसतात. पण तिथली हवा खोलीत येत नाही. भिंतीतून जातात ते फक्त पाइप आणि वायर. शिवाय खिडकी मोकळी होते. दोन्ही एसी मुख्यतः खोलीतलीच हवा फिरवत राहतात, त्यामुळे सकाळी खिडकी उघडता येणं मला फार मोलाचं वाटतं. बदलानंतर आईचा पहाटेचा खोकला बराच कमी झाला. त्याच सुमारास तिचं औषधही बदललं होतं, तेव्हा सगळं श्रेय एसीला देणार नाही. पण खोलीतली हवा वेगळी जाणवते, एवढं नक्की.

स्प्लिट घेतलात तर सर्व्हिसला येणाऱ्याला आधीच विचारा: जेट पंपाने ब्लोअर धुणार का? उन्हाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा हे करून घ्यावं. रोज बंद करण्याआधी थोडा वेळ नुसता फॅन मोड चालवला की कॉइल सुकते; ऑटो क्लीन असेल तर ते मशीन स्वतःच करतं. ड्रेन पाइप तुंबू देऊ नका.

घर भाड्याचं असेल किंवा आउटडोअर लावायला जागाच नसेल, तर विंडोच घ्यावा लागेल. मग मशीन बसवायच्या आधीच बाहेरून कबुतरांची जाळी मारून घ्या, कारण नंतर तिथे हात पोचत नाही. झडप बंद ठेवा. आणि खोकला रेंगाळत असेल, तर खिडकीबाहेर कबुतरं आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.