चोच, शिंपले मोजायला १५० मिमीचा डिजिटल कॅलिपर

एकाच जातीतल्या प्राण्यांमधला फरक टिपायला हा कॅलिपर उत्तम. बेडकासारख्या मऊ अंगाला मात्र नको. कॅलिपरचे जबडे (वस्तू मधे धरून मोजणारे दोन दांडे) जरा दाबले गेले की माप कमी येतं. पडद्यावर ०.०१ मिमी दिसलं तरी अचूकता ±०.०२ मिमीचीच धरा.

चोचीची जाडी नाकपुड्यांच्या पुढच्या कडेशी, चोच मिटलेली असताना, तीनदा मोजा. दरवेळी शून्य तपासा. जबड्यांत पिसाचा तंतू अडकला तरी ते सरकतं. इतकी काळजी हवीच: गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावर १९७७ च्या दुष्काळानंतर फिंच पक्ष्यांच्या चोचीची सरासरी जाडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने वाढली होती!

सेल उतरला की आकडे लुकलुकतात, तेव्हाची मापं सरळ खोडा. टोकं अणकुचीदार आहेत, पक्ष्याच्या डोळ्यापासून लांब धरा.