निवृत्तीनंतरचा हिवाळा: फोंड्यात की पणजीत?

कार्तिक सरत आला की गोव्याबाहेरच्या आपल्या माणसांचे फोन सुरू होतात. कुणी ठाण्याचे, कुणी बेळगावचे, कुणी कोल्हापूरचे. कुलदैवत इकडचे, जन्म नोकरीच्या गावी गेलेला. आता पेन्शन सुरू झाली आहे, मुले मार्गी लागली आहेत आणि डिसेंबर ते फेब्रुवारी गोव्यात काढायचे मनात आहे. प्रश्न ठरलेला असतो: पणजीत खोली बघायची, की फोंड्याकडे देवळाजवळ?

किनारपट्टीचा विचार तिथल्या तिथे सोडून द्या. कळंगुट, कांदोळी, बागा या भागात डिसेंबरात भाडी चढतात, रात्री उशिरापर्यंत आवाज असतो आणि संध्याकाळी रस्ता ओलांडायलाही जीव मुठीत धरावा लागतो. समुद्र बघायला एक दिवस जाऊन यावे. राहायला खरी निवड फोंडा आणि पणजी या दोघांतच आहे.

दोन्हीकडे राहिलेल्या, रमलेल्या आणि कंटाळून परत गेलेल्या अशा बऱ्याच जोडप्यांना मी जवळून पाहिले आहे. त्यावरून विचारणाऱ्याला मी आधी एकच गोष्ट विचारतो: दिवसाचे कोणते तास तुम्हाला जड जातात? नोकरी होती तेव्हा दिवस कसा जाई ते कळत नसे. आता कुणाला पहाटे चारला जाग येते आणि उजाडेपर्यंत नको नको ते विचार येतात. कुणाला दिवेलागणीला घर खायला उठते. कुणाची दुपार सरत नाही. फोंडा सकाळ आणि संध्याकाळ सांभाळतो, पणजी दुपार सांभाळते. बाकी सगळे मुद्दे यानंतरचे.

फोंडा: देवाच्या दिनक्रमात आपला दिनक्रम

मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, नागेशी, कवळे, बांदिवडे ही सगळी ठिकाणे एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरात आहेत. पहाटे गाभारा उघडतो, अभिषेक होतात, दुपारी नैवेद्य आणि आरती, मग थोडी सामसूम, तिन्हीसांजेला पुन्हा दिवे, रात्री शेजारती. हा क्रम तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुमच्याकडून काही मागतही नाही. तुम्ही फक्त जाऊन खांबाला टेकून बसायचे. दर सोमवारी मंगेशीला पालखी असते. चार सोमवार ओळीने गेलात की पालखीसोबत चालणारे चेहरे ओळखीचे होतात, आणि पाचव्या सोमवारी दिसला नाहीत तर कुणीतरी विचारते, ‘बरे होते ना?’ निवृत्त माणसाला या एका प्रश्नाची किंमत फार असते.

या देवळांचा इतिहास आपल्या वयाला विशेष भिडतो. यातले बरेच देव मुळात इथले नव्हेत. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी, शांतादुर्गेचे केळशी, म्हाळसेचे वेर्णे, रामनाथाचे लोटली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात तिसवाडी, साष्टी, बारदेशची देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी देव उचलले आणि नदीपलीकडे, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आणून ठेवले. मंगेशाचे लिंग 1560 साली प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीच्या जागी, आले असे सांगतात. आज कवळ्याला दिसते ते शांतादुर्गेचे देऊळ शाहू महाराजांच्या काळातले, 1738 च्या सुमारास पुरे झालेले. म्हणजे घर सुटले, गाव सुटला, आणि पिढ्यान्‌पिढ्या साध्या छपराखाली पूजा चालू राहिल्यावर कुठे हे वैभव आले. नागेशीचा नागेश मात्र आपल्या मूळ जागीच आहे. ज्यांनी स्वतः राहते घर विकून मुलाच्या शहरातल्या फ्लॅटमध्ये संसार हलवला आहे, अशी माणसे कवळ्याच्या सभामंडपात हे ऐकताना गप्प होतात. देवालाही बिऱ्हाड हलवावे लागले आणि नव्या जागेत तो तितकाच जागृत राहिला, हा दिलासा पुस्तकातून मिळत नाही, तिथे बसून मिळतो. इथली श्रद्धा मला अशी वाटते: हातातून गेलेल्याचा हिशेब न मांडता उरलेल्यासाठी रोज दिवा लावणे.

मंगेशीच्या वाटेवर फुलवाल्यांची रांग असते. तिथे घाई न करता थोडे थांबून बघा. टोपलीत एका बाजूला अबोली, दुसऱ्या बाजूला शेवंती. फुलकारीण केळीच्या सोपाचा ओला धागा पायाच्या अंगठ्याला अडकवते, दोन-दोन अबोल्या उलटसुलट ठेवते, एक वेढा, एक गाठ, पुढच्या दोन. बोलता बोलता वळेसर, म्हणजे गजरा, हातभर होतो आणि तिची नजर एकदाही खाली जात नाही. हे बघण्यात पाव तास सहज जातो आणि त्या पाव तासात मनात दुसरे काही येत नाही.

हिवाळ्यात फोंडा तालुक्यात आणखी एक सुख आहे, ते म्हणजे उत्सवी नाटक. जत्रेला किंवा काल्याला देवळासमोर रंगमंच उभा राहतो आणि गावातलीच मंडळी मराठी संगीत नाटक, ऐतिहासिक नाटक उभे करतात. दिवसा बँकेत कॅश मोजणारा माणूस रात्री संभाजी होतो. पदाला वन्समोअर मिळतो, मागच्या रांगेतले म्हातारे ताल धरतात. मास्टर दीनानाथांचे मंगेशी याच तालुक्यात, आणि सूरश्री केसरबाई केरकरांचे केरीही इथलेच. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेवर केसरबाईंचा आवाज आहे. ही माती सुरांची आहे, आणि सूर ऐकायला इथे बहुधा तिकीट लागत नाही. शाल आणि बसायला एक चटई बरोबर न्यायची.

घरच्या बाईंसाठी पौषातला धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ, सांगायलाच हवा. रात्रीची जेवणे आटोपून गावच्या बायका मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या अंगणात, जमतात, समोरासमोर दोन ओळी करतात, एकमेकींच्या कमरेत हात गुंफून पुढे-मागे झुलत गाणी म्हणतात. पुरुषांना तिथे फारसे स्थान नाही. बाहेरगावच्या बाईला शेजारणीने एकदा बोलावून नेले की पुढचा हिवाळा कुठे घालवायचा हे ठरूनच जाते. त्यासाठी मात्र शेजार जोडावा लागतो, आणि तो देवळापेक्षा वाड्यावरच्या घरात राहून लवकर जुळतो.

आता उणे. दुपार. जेवण झाले की तीन-साडेतीनपर्यंत गाव झोपते. ज्याला झोप लागत नाही त्याला ही दुपार लांबच लांब वाटते. रात्री आठनंतर बस मिळणे कठीण. देवळातली दगडी फरशी अनवाणी पायांना सकाळी गार लागते, गुडघे दुखणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. आणि ज्याला मुळात देवळात बसायची सवय नाही, तो केवळ निवृत्त झाला म्हणून भाविक होत नाही. असा माणूस तिसऱ्या आठवड्यात मोबाइल बघत बसलेला मी पाहिला आहे. त्याच्यावर जबरदस्ती करू नये, त्याची जागा पणजी आहे.

पणजी: पायी फिरण्याजोगे शहर

पणजीची दुपार वाचनालयात जाते. पाटोला बसस्थानकाजवळ कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मूळ स्थापना 1832 ची. मराठी पुस्तके भरपूर, दैनिके सगळी, आणि बसायला शांत, मोकळी जागा. तिथे रोज येणारे पेन्शनर आपापल्या खुर्च्या धरून असतात. दोन-तीन दिवसांत तुमचीही खुर्ची ठरते.

संध्याकाळी कांपालपासून मिरामारपर्यंत मांडवीच्या कडेने चालत जावे. सपाट रस्ता, वारा, बसायला बाके. कंटाळा आला तर बेतीची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. अल्याड-पल्याड जायला काही मिनिटेच लागतात, पण बोट धक्क्याला लागून लोखंडी फळी खाली येते, माणसे उतरतात, दुसरी चढतात, स्कूटरी सुरू होतात, हे बघायला मोठ्या माणसालाही लहान मुलाइतकीच मजा येते. रायबंदरहून चोडणला जाणारी बोटही तशीच. पलीकडे खारफुटीत डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. करमळीच्या तळ्यावर याच दिवसांत बदकांचे थवे उतरतात. दुर्बीण असेल तर आणा.

श्रद्धेला पणजीत जागा आहे, पण ती शोधायला उठून जावे लागते. महालक्ष्मीचे देऊळ आहे, मळ्याचा मारुती आहे. आणि इथे एक गोष्ट आहे जी फोंड्यात इतक्या जवळून दिसत नाही. 24 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात आणि 3 डिसेंबरला फेस्त, म्हणजे संताचा सण, होते. लांबून लांबून पायी चालत लोक येतात, त्यांत हिंदूही असतात. ‘गोंयचो सायब’ म्हणून नवस फेडणारी आपली माणसेही तिथे रांगेत उभी राहतात. 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चची फेस्त. चौकात फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते, आले घातलेली, गुळात घोळलेली खाजी पुड्यांतून विकली जातात. दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडताना आपला देव लहान होत नाही, हे गोव्याने फार आधी पचवले आहे. ज्यांचा देव मूर्तीपेक्षा माणसांत आहे, त्यांना पणजीचा डिसेंबर भरभरून देतो.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो. 2004 पासून तो गोव्यात भरतो. सिनेमाची आवड असेल तर नोंदणी करून आठवडा मजेत जातो. आवड नसेल तर तोच आठवडा आणि पुढे नाताळ-नववर्षाचे दिवस शहरात गर्दी, हॉर्न आणि वाढलेली भाडी सोसावी लागतात. आल्तिनच्या चढावर किंवा जिन्याच्या घरात खोली घेऊ नका, घेणाऱ्याला ते पहिल्याच आठवड्यात जाणवते.

प्रकृती, थंडी, ताट

हृदयाचा, डायलिसिसचा किंवा नियमित तपासण्यांचा प्रश्न असेल तर फार विचार न करता पणजी. बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, तिथून जवळ. फोंड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि रोजच्या दुखण्याखुपण्याला ते पुरते, पण मोठ्या उपचारांसाठी शेवटी बांबोळीच गाठावी लागते.

थंडी दोन्हीकडे सौम्य. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा साधारण वीस अंशांपर्यंत उतरतो, दुपारी तिशीपार जातो. फोंड्याकडे, समुद्रापासून आत, पहाट जास्त गार आणि धुक्याची. सांधे दुखणाऱ्याने पणजी घ्यावी. ज्याला अंगावर शाल घेऊन पेज पिण्याची आवड आहे त्याने फोंडा.

खाण्यात फरक आहे तो बाजाराचा. पणजीच्या मार्केटात सगळे एका छपराखाली मिळते. फोंड्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत परसातली तांबडी भाजी, मुळा, ताजे अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) शेजारून घरी येतात. पोदेर, म्हणजे पाववाला, दोन्हीकडे येतो, त्याचा भोंपू ऐकून सकाळी गरम पोळी (इथला कोंड्याचा पाव) घ्यायला दारात उभे राहण्याचे सुख कुठेही तितकेच.

मग कुणी काय निवडावे

पहाटेची झोपमोड आणि संध्याकाळचे एकटेपण ज्यांना छळते, विशेषतः जोडीदार गमावलेल्यांनी, फोंडा निवडावा. आरतीच्या वेळी आपोआप पाय निघतात आणि माणसांत बसणे होते, कुणाला आमंत्रणाची वाट बघावी लागत नाही. औषधे चालू असलेल्यांनी, वाचणाऱ्यांनी, फिरणाऱ्यांनी पणजी. नवरा-बायकोची आवड वेगळी असेल तर माझे मत स्पष्ट आहे: मंगेशी किंवा म्हार्दोळला खोली घ्या. दोन्ही गावे पणजी-फोंडा रस्त्यावर आहेत, दिवसा बस भरपूर. एकाने सकाळी पणजीला वाचनालयात जावे, दुसऱ्याने देवळात बसावे, संध्याकाळी दोघांनी आपला दिवस एकमेकांना सांगावा. दिवसभर एकमेकांसमोर बसून राहिलेल्या जोडप्यांपेक्षा अशी जोडपी मला जास्त आनंदी दिसली आहेत.

देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भक्तनिवास, यात्रेकरूंच्या चार दिवसांच्या मुक्कामासाठी आहेत, तीन महिन्यांसाठी त्यांवर विसंबू नका. आधी अग्रशाळेत उतरून आसपास भाड्याची खोली बघावी, हे उत्तम. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, त्याला टाळाटाळ करणाऱ्या मालकाची खोली घेऊ नये. आणि पंचांग उघडून दोन तारखा आजच लिहून ठेवा: माघ शुद्ध पंचमीची कवळ्याची जत्रा आणि माघ पौर्णिमेची मंगेशीची. त्या दिवसांत जवळपास खोली मिळत नाही, त्यामुळे जत्रा बघायची असेल तर मुक्काम निदान पौष संपायच्या आत पक्का व्हायला हवा.