ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी : व्हर्ब नीट वापरायला शिकायचं असेल तर घ्याच

इंग्लिश वाचलेलं कळतं पण लिहायला बसलं की व्हर्बच्या पुढे काय जोडायचं तिथेच अडतं, अशा प्रत्येकाने ही डिक्शनरी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. मी दहावी-बारावीच्या मुलांना इंग्लिश शिकवते, माझ्या टेबलावर कायम हीच असते.

साध्या इंग्लिश-मराठी डिक्शनरीत डिस्कस म्हणजे चर्चा करणे, विषय संपला. मग मुलं 'त्याबद्दल चर्चा केली' डोक्यात धरून डिस्कस अबाउट लिहितात आणि मार्क जातात, कारण हे व्हर्ब ऑब्जेक्ट थेट घेतं, वुई डिस्कस्ड द प्रॉब्लेम, मधे काहीच नको. इथे त्या शब्दाखालीच हेल्प म्हणून टीप आहे की डिस्कस अबाउट म्हणता येत नाही. एक्स्प्लेन मी चालत नाही, एक्स्प्लेन इट टू मी म्हणा, तशीच टीप तिथेही, आणि सजेस्टला पण आहे!! आपली मुलं नेमकी जिथे घसरतात तिथेच या टिपा आहेत हे मला फार आवडतं.

दुसरं म्हणजे व्हर्बपुढे दिलेली टी आणि आय ही दोन अक्षरं. टी असेल तर ट्रान्झिटिव्ह म्हणजे ऑब्जेक्ट हवं, आय असेल तर नको. राइझ आणि रेझ बघा, मुलं कायम गोंधळतात, पण आपल्याकडे वाढणे आणि वाढवणे आहेच की. प्राइसेस राइझ, भाव आपले आपण वाढतात, आणि कंपनी रेझेस प्राइसेस, कोणीतरी वाढवतं. एवढं सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. अ‍ॅडव्हाइसमध्ये शेवटी स, नाउन, आणि अ‍ॅडव्हाइझमध्ये झ, व्हर्ब, हे तर वेबसाइटवर उच्चार ऐकूनच पटतं.

मुळात ही बनलीच शिकणाऱ्यांसाठी. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्लिश शिकवायचे, तिथे दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ही तयार केली, 1942 ला टोकियोत छापली गेली आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढली. कुठल्या व्हर्बनंतर वाक्यात काय येतं याचे पॅटर्न त्यांनी तेव्हाच लावून दिले होते, म्हणून त्या बाबतीत ही एवढी पक्की आहे.

आता कमी काय ते पण सांगते. जड आहे, कागद पातळ, अक्षर बारीक, आणि अर्थ सगळे इंग्लिशमध्येच, त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलाला देऊ नका, कंटाळून ठेवून देईल. सुरुवातीच्या पानांवर खुणा समजावल्यात त्या आधी वाचाच, नाहीतर निम्मा फायदा गेला. आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकात वगैरे जुनी कॉपी घेत असाल तर आवृत्ती बघून घ्या, सातव्या आवृत्तीत टी-आयऐवजी व्ही-एन (म्हणजे व्हर्ब आणि पुढे नाउन) असे वेगळे कोड आहेत, नवीन मुलांना ते जड जातात. दहावी आवृत्ती 2020 ची आहे, तीच घ्या.

पैसे घालायच्या आधी ऑक्सफर्ड लर्नर्सच्या वेबसाइटवर फुकटात बघा. प्रीपोन टाका, ते पण आहे, इंडियन इंग्लिश म्हणून नोंद करून दिलंय. स्पर्धा परीक्षेवाल्यांना वेबसाइट पुरेल, पण शिकवणाऱ्यांनी पुस्तकच घ्या, शेजारशेजारचे शब्द आपोआप डोळ्याखालून जातात ते मोबाइलवर होत नाही.